तुमच्या नाटकातला बाप बोलतच नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून २६ वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं आहे. त्यातला मुद्द्याचा भाग असा :

"३० एप्रिलला ग्रामजयंतीच्या कार्यक्रमात आमच्या मंडळाची एकांकिका आहे, पाऊण तासाची. लिहिली मी. वाचन झालं तर पोट्टे म्हणाले, 'हे तं भाषण झालं, सगळे एकसारखेच बोलतात.' त्यातला एक प्रसंग सोबत पाठवतो. दुसरं घरचं. सहा एकर शेत, एक विहीर. मला एका एकरात ठिबकवर भाजीपाला घ्यायचा आहे, बाबा कपाशी सोडत नाहीत. बोलायला बसलो की पाच मिनिटांत आवाज चढतो, नाहीतर बाबा उठून जातात. कॉलेजात सर सांगायचे, मोठमोठं तत्त्वज्ञान संवादातून आलं. ते वाचून माझ्या नाटकाला किंवा घराला काही उपयोग होईल का? काय वाचू?"

भाऊ,

तुमचा प्रसंग आधी वाचला, मग घरचा मजकूर. दोन्हीकडे एकच माणूस गप्प बसलेला दिसला. नाटकातल्या बापाचं उत्तर तुम्ही त्याला विचारण्याआधीच लिहून ठेवलंय, आणि घरच्या बाबांचंही. म्हणून दोन्ही प्रश्न एकत्रच घेतो. नाटक आधी, कारण तिथली चूक खोडता येते.

तुम्ही लिहिलंय :

मुलगा : बाबा, काळ बदलला आहे, आपणही बदलले पाहिजे.
बाप : नाही! मी बापजाद्यांची पद्धत सोडणार नाही!
मुलगा : तुमच्या या हट्टामुळेच आपल्यावर कर्जाचा डोंगर झाला.
बाप : (रडत) बाळा, तू माझे डोळे उघडलेस!

चौथ्या वाक्याला डोळे उघडले. जन्मभर कपाशी पेरलेला माणूस इतक्या स्वस्तात बदलत नाही, हे मंडळातल्या पोरांना घरून माहीत आहे, म्हणून ते कंटाळले. या बापाला स्वतःचं कारणच नाही. मुलाचं भाषण पुढे सरकावं एवढ्यासाठी त्याला मधूनमधून 'नाही' म्हणायला ठेवलंय.

दुरुस्ती करताना लगेच संवादाला हात लावू नका. कोरा कागद घ्या आणि प्रत्येक पात्रासमोर दोनच गोष्टी लिहा. या प्रसंगात त्याला समोरच्याकडून काय हवं आहे, आणि कोणती गोष्ट तो समोरच्याला कळू देणार नाही. 'हवं आहे' मध्ये विचार लिहू नका, कृती लिहा. "बापाला परंपरा जपायची आहे" यातून नटाला उभं राहण्यापलीकडे काही करता येत नाही. "मुलानं आज रात्री विहिरीवर जावं असं बापाला वाटतं, पण तो तसं म्हणणार नाही" यातून करता येतं. दोघांच्या 'हवं' मध्ये टक्कर नसेल तर तो प्रसंग काढून टाका, कितीही सुंदर वाक्यं असली तरी.

मग जागा ठरवा आणि हातात वस्तू द्या. इथे तुमच्या सरांचं म्हणणं कामी येतं. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात बाप-मुलाचाच संवाद आहे. श्वेतकेतू बारा वर्षं शिकून, चोविसाव्या वर्षी ताठ मानेनं घरी येतो. बाप उद्दालक त्याच्यापुढे नुसतं व्याख्यान देत नाही. मीठ पाण्यात टाकायला सांगतो आणि सकाळी यायला सांगतो. सकाळी म्हणतो, काल टाकलेलं मीठ आण. ते सापडत नाही. मग वरून चाखायला लावतो, मधून चाखायला लावतो, तळाशी चाखायला लावतो, आणि दर वेळी एवढंच विचारतो, कसं लागतं? वडाचं फळ फोडायला लावतो, आतलं बी फोडायला लावतो, काय दिसतं विचारतो. 'काहीच नाही' असं मुलगाच म्हणतो. ब्रह्मविद्या बाजूला ठेवून नुसता नाटककाराच्या नजरेनं हा मजकूर वाचा. प्रश्न चार-पाच शब्दांचे, उत्तर एका शब्दाचं, आणि प्रत्येक प्रश्नागणिक हाताला काम.

तुमच्या प्रसंगात बाप आणि मुलगा ओसरीवर नुसते समोरासमोर उभे आहेत. त्यांना कापूस भरलेल्या खोलीच्या दारात आणा. बाप ढिगावर ताडपत्री ओढतोय, मुलगा बॅटरी घेऊन विहिरीवरून आलाय. आता ऐका :

मुलगा : इहिरीत चार हात पानी हाये अजून.
बाप : होळीले पाह्यजो.
मुलगा : ठिबक लावलं तं पुरते.
बाप : लाइन रातची आली तं कोन जाईन?
मुलगा : मी जाईन ना.
बाप : मांगच्या हप्त्यात गेलता?
(मुलगा गप्प.)
बाप : डुकरं कोनं हाकलली त्या राती?
मुलगा : तुमीच.
बाप : तुह्या मायनं. मले ताप होता.

हे तसंच उचलू नका, पद्धत पाहा. शेती, संकट, परंपरा, कर्ज यातला एकही शब्द आलेला नाही. प्रत्येक वाक्यानं काहीतरी हललंय. पहिल्या तीन वाक्यांत मुलगा वरचढ आहे, चौथ्याला डाव उलटतो, आणि शेवटच्या वाक्यात मुलाला (आणि प्रेक्षकाला) माहीत नसलेली गोष्ट कळते. त्यानंतर आई दारात आली तर ती न बोलताही प्रसंगात असते. आणि बाप अजून बदललेला नाही. त्याला बदलायची घाई करू नका. पाऊण तासात बाप एक पाऊल सरकला तरी खूप झालं.

मग चाचण्या. एक, पात्रांची नावं बोटानं झाका आणि कुणाचं वाक्य कोणाचं ते ओळखा. ओळखू येत नसेल तर पोरांची तक्रार खरी आहे. दोन, प्रसंगाची पहिली तीन वाक्यं आणि शेवटची तीन वाक्यं खोडून पाहा. नवख्या लेखकाच्या प्रसंगात सुरुवातीला नमस्कार-चमत्कार असतात आणि शेवटी तात्पर्य असतं. दहापैकी आठ वेळा दोन्ही गेल्यानं काही बिघडत नाही. तीन, प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर मिळतंय का ते बघा. मिळत असेल तर ते निम्मं करा. घरात माणसं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर क्वचितच देतात. ती प्रश्नामागच्या भीतीला उत्तर देतात, नाहीतर दुसराच प्रश्न विचारतात. लांब संवाद एकच ठेवा, आणि तोही समोरच्याला उठून जाता येणार नाही अशा जागी. टाळीचं वाक्य लिहायचा मोह होईल. एक चालेल.

उघड्यावरच्या मंचाचं थोडं वेगळं गणित असतं. समोर दोन-तीन माईक, मागे पोरासोरांचा गलका. वाक्याची शेवटची अक्षरं नट खातोच, म्हणून कळीचा शब्द वाक्याच्या अगदी शेपटाला ठेवू नका. हशा येईल अशा वाक्यानंतर लगेच महत्त्वाची माहिती ठेवली तर ती हशात बुडते. मध्ये एक साधं वाक्य टाका. लांबी पानं मोजून ठरवू नका. घड्याळ लावून, उभं राहून, मोठ्यानं वाचा आणि हालचालीसाठी वर सात-आठ मिनिटं धरा. पाऊण तासाचं वाचन भरत असेल तर प्रयोग तासाभराकडे जातो.

बोलीबद्दल. तुम्ही सगळ्यांना पुस्तकी मराठीत बोलायला लावलंय आणि फक्त गड्याला वऱ्हाडी दिली आहे, लोकांनी हसावं म्हणून. शहरात बसून लिहिणाऱ्यांनी आपल्या बोलीचं हेच केलं, निदान आपण तरी करू नये. घरातले सगळेच वऱ्हाडी बोलू द्या, पण एकच वऱ्हाडी नको. आईची वेगळी, बापाची वेगळी, अमरावतीला तीन वर्षं काढून आलेल्या मुलाची मध्येच प्रमाणभाषेकडे घसरणारी. कृषी सहायक दप्तरी भाषेत सुरू करेल आणि चिडला की 'काहून बाप्पा' वर येईल. ती उडी लिहिता आली तर विनोद आपोआप येतो. लेखनात एकच रूप धरा. 'हाये' लिहिलं तर शेवटपर्यंत 'हाये'. नाहीतर प्रॉम्प्टर अडखळतो आणि नट त्याच्यामागे.

कान तयार करायला पानठेला, एसटी स्टँड, बाजाराचा दिवस. ऐकलेलं घरी येऊन आठवणीनं लिहा. मोबाइलवर लोकांचं बोलणं गुपचूप टिपू नका. ते बरं नाही, आणि उपयोगाचंही नाही, कारण काय निवडायचं हे आठवणीला यंत्रापेक्षा जास्त कळतं.

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोबद्दल सर बोलले असतीलच. त्याच्या 'मेनो' या संवादात त्याचा गुरू सॉक्रेटीस एका शाळा न शिकलेल्या गुलाम मुलाला दोन फूट बाजूचा चौरस काढून दाखवतो. क्षेत्रफळ चार. दुप्पट क्षेत्रफळाचा, म्हणजे आठचा चौरस कसा काढशील? मुलगा म्हणतो, बाजू दुप्पट करू. तसं केलं तर सोळा येतात. मग म्हणतो, तीन करू. नऊ येतात. मग म्हणतो, मला माहीत नाही. त्यानंतर कर्णावर चौरस काढायची वाट सापडते. चूक, दुसरी चूक, अडणं, मग हलणं. हा क्रम चांगल्या प्रसंगाचाही असतो. पण प्लेटोचे सगळेच संवाद नाटकाला नमुना म्हणून घेऊ नका. पुष्कळ ठिकाणी समोरचा पानंच्या पानं 'होय सॉक्रेटीस', 'बरोबर सॉक्रेटीस' एवढंच म्हणतो. तुमच्या बापाचा तोच रोग आहे.

आता घर.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रानं, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रानं, बोलाचालीचे तीन प्रकार पाडलेत, आणि गौतमाच्या न्यायसूत्रात त्यांच्या व्याख्या आहेत. वाद म्हणजे दोन्ही बाजू पुराव्यानं मांडायच्या, खरं काय ते शोधायला. जल्प म्हणजे जिंकायला बोलायचं. त्यात शब्दांचे डावपेच चालतात. वितंडा म्हणजे स्वतःची बाजू मांडायचीच नाही, समोरच्याची फक्त मोडायची. तुमच्या पत्रावरून दिसतं ते असं. तुम्ही म्हणता, "कपाशीत काही उरत नाही." बाबा म्हणतात, "नाई उरत तं तू शिकला कायच्यावर?" याला शास्त्रात छल म्हणतात. बोलणाऱ्याचा अर्थ सोडून त्याचा शब्द पकडायचा. तुम्ही चिडता आणि म्हणता, "तुमचं नेहमीचंच आहे." ही वितंडा झाली. तिथून पुढे कपाशीबद्दल कुणीच बोलत नाही.

त्याच ग्रंथात एक व्यवहारी गोष्ट आहे. जल्प आणि वितंडा अगदीच टाकाऊ नाहीत. कोवळं रोप वाचवायला काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसा त्यांचा उपयोग, असं सूत्र म्हणतं. म्हणजे बाबा जेव्हा टोचून बोलतात, तेव्हा आत काहीतरी राखत असतात. काय राखतात ते शोधायचं.

यासाठी पूर्वपक्ष मांडा. जुन्या ग्रंथकारांची शिस्त अशी की आपलं मत सांगण्याआधी विरुद्ध मत त्याच्या सगळ्या बळानिशी लिहायचं. वही घ्या आणि बाबांची बाजू बाबांपेक्षा चांगली लिहा. आम्ही इथे बसून सुरुवात करून देतो. कापूस घरात भरून ठेवता येतो आणि भाव पाहून, नड पाहून विकता येतो. टमाटर आणि सांभार (कोथिंबीर) त्याच दिवशी बाजारात न्यावा लागतो, हर्रासात (लिलावात) जो भाव निघेल तो घ्यावा लागतो. कपाशी कोरडवाहू निघते; भाजीला उन्हाळ्यात विहीर टिकली पाहिजे. शेतीपंपाची लाइन रात्रीची असली की रात्री कुणीतरी जावं लागतं. रोही (नीलगाय) आणि डुकरं कपाशीतही शिरतात, पण भाजीचं एका रात्रीत होत्याचं नव्हतं करतात. भाजीला रोजचा मजूर लागतो, आणि वेचणीच्या दिवसांत तो कुठून आणणार? ठिबकला अनुदान मिळालं तरी पैसे आधी आपल्या खिशातून जाऊ शकतात. यातलं एकही कारण 'हट्ट' नाही. ही यादी लिहून झाल्यावर तुमचंच मत थोडं हललं तर घाबरू नका, तिथूनच बोलणं सुरू होतं.

बोलायची वेळ. जेवताना नाही, पाहुण्यांसमोर नाही, काका बसले असताना तर नाहीच, आणि कापसाचा भाव पडल्याची बातमी आली त्या दिवशीही नाही. आईला निरोप्या करू नका; ती दोन्हीकडून बोलणी खाते. सर्वात बरी जागा म्हणजे शेत, दोघं शेजारी काम करत असताना. समोरासमोर बसलं की पंचायत वाटते; बाजूबाजूनं काम चालू असलं की गप्प राहिलं तरी अवघड होत नाही. सालगड्याचा करार पाडव्याला होतो आणि बियाण्याची जुळवाजुळव त्यानंतर, तेव्हा पाडव्याच्या आत हे बोलणं होऊ द्या. मेमध्ये काढलंत तर बाबांनी मनात वाटणी करून टाकलेली असेल.

पहिल्या दिवशी प्रस्ताव मांडायचा नाही. फक्त विचारायचं, तेही ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही असं. विहिरीचं पाणी कोणत्या साली सगळ्यात लवकर आटलं? बाबांनी किंवा आजोबांनी कधी भाजी लावून पाहिली होती का, आणि मग सोडली काहून? उत्तर आलं की ते तुमच्या शब्दांत परत सांगा : "म्हणजे पानी नाही, बाजार नडला म्हणता?" बाबा "हो, तेच तं" म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. त्यांनी दुरुस्ती केली तर उत्तम, ते बोलायला लागले. या टप्प्यावर मोबाइल काढून यूट्यूबवरचा शेतकरी दाखवू नका. बाबांना तुमच्याशी बोलायचं आहे, नाशिकच्या माणसाशी नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आठ-दहा दिवसांनी, आकडे. सहा एकरांचा मागच्या हंगामाचा हिशेब दोघांनी मिळून लिहा : बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी, किती क्विंटल, कोणत्या भावानं गेला. बाबांच्या तोंडी हिशेबात घरच्या माणसांची मजुरी नसते आणि तुमच्या कागदी हिशेबात वाया गेलेला माल नसतो. दोन्ही घाला. मग विचारा, किती जागेत चुकलं तर चालेल? एकराचा आग्रह सोडा. विहिरीजवळचे दहा गुंठे म्हणा. काय झालं तर पुढच्या साली वाढवायचं आणि काय झालं तर बंद करायचं, हेही आधीच वहीत लिहा. नंतर वाद होतो तो बहुधा याच न लिहिलेल्या ओळीवरून.

या दोन दिवसांत निर्णय घेऊ नका. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावानं ही रीत फार चांगली बसवली. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात माहिती घ्यायची, शंका काढायच्या, पण ठरवायचं काही नाही. ठरवायचं ग्रामसभेत, आणि तेही बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं. बोललेलं लगेच अंगावर येणार नाही याची खात्री असली की माणूस मोकळं बोलतो. घरातही एवढी सोय लागते.

आणि एक गोष्ट विसरू नका. सातबारा बाबांच्या नावावर आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात यवन (ग्रीक) राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला चर्चेला बोलावतो, तेव्हा नागसेन आधी अट घालतो. पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलू, राजांसारखं बोलणार असाल तर नाही. पंडित चुकले तर मान्य करतात आणि रागावत नाहीत. राजे एक गोष्ट धरतात आणि न पटणाऱ्याला शिक्षा करतात. बाबांशी अशी अट घालता येणार नाही, ते शोभणारही नाही. पण तुमच्याही हाती एक राजेपण आहे. तुम्ही शिकलेले आहात, इंग्रजी शब्द वापरता, अर्ज तुम्ही भरता, बँकेत तुम्ही बोलता. ते खाली ठेवणं तुमच्या हातात आहे. 'ड्रिप', 'रिटर्न', 'मार्केटिंग' हे शब्द त्या दिवसापुरते घरी ठेवून या.

बाबा "पाहू" म्हणाले तर त्याला नकार समजू नका आणि होकारही समजू नका. दहा-बारा दिवस विषय काढू नका. या काळात रात्रीच्या लाइनीवर न सांगता जा. स्पष्ट "नाही" आलं तर कारण विचारा, वहीत लिहा, आणि या हंगामापुरतं सोडा.

वाचायचं म्हणाल तर थोडंच. छांदोग्याचा सहावा अध्याय, मराठी अर्थासह. 'मेनो'. 'मिलिंदपञ्ह'ची पहिली पन्नासेक पानं. जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न' हे १८५५ सालचं नाटक, त्यातला विदूषक कुठे आणि कशासाठी मध्ये बोलतो ते पाहायला. आणि 'लीळाचरित्र'. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडून गोळा केल्या, आणि हे काम झालं तुमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. जुनी भाषा पहिली दहा पानं अडेल, मग सुटेल. दोन-तीन शब्दांची वाक्यं, महदाइसेसारख्या शिष्येचे थेट प्रश्न. मराठी गद्य इतकं बोलकं नंतर फार कमी वेळा झालं.

पुस्तकांच्याही आधी झाडीपट्टीतलं एक नाटक पाहून या. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडे दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम चालतो, वडसा हे त्या कंपन्यांचं ठाणं. रात्रभराचं नाटक असतं. पुढच्या रांगेत बसू नका. अगदी मागे, चहाच्या दुकानाजवळ बसा, आणि कोणत्या वाक्याला तिथली माणसं आपसातलं बोलणं थांबवतात ते वहीत टिपा.